१९७२ चे मायामी डॉल्फिन्स : एकही सामना न हरलेल्या हंगामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या हंगामाचं एवढं कौतुक कशासाठी?

अमेरिकेतली राष्ट्रीय फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, १९२० पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत साखळीतला प्रत्येक सामना, बाद फेरीतला प्रत्येक सामना आणि शेवटी विजेतेपदाचा सामना, असं सगळं जिंकलेला संघ एकच आहे : १९७२ चा मायामी डॉल्फिन्स. साखळीत १४ सामने, त्यापुढे ३. सतरापैकी सतरा. बरोबरीसुद्धा नाही.

जवळ बरेच जण पोहोचले होते. शिकागो बेअर्स १९३४ मध्ये आणि पुन्हा १९४२ मध्ये साखळीत अपराजित राहिले, पण दोन्ही वेळा अंतिम सामना हरले. क्लीव्हलँड ब्राउन्सनी १९४८ मध्ये सगळे सामने जिंकले, पण ते तेव्हा दुसऱ्या लीगमध्ये खेळत होते.

मला फक्त क्रिकेट कळतं. पुढचं वाचायला किती नियम माहीत हवेत?

अगदी थोडे. शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो, म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ तो लांब लाथाडून टाकतात. त्याला पंट म्हणतात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण आणि वर एका गुणाची किक. गोलखांबांमधून किक मारली तर फील्ड गोल, त्याचे तीन. चेंडू फेकायचा की धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, हे क्वार्टरबॅकच्या हातून होतं. त्याने फेकलेला चेंडू समोरच्या संघाने झेलला तर ते इंटरसेप्शन.

एवढ्यावर भागतं.

हा संघ आधीपासूनच बलाढ्य होता का?

मुळीच नाही. डॉल्फिन्स मैदानात उतरले ते १९६६ मध्ये, आणि सुरुवातीची चार वर्षं त्यांनी मार खाण्यातच घालवली. १९६९ चा हिशेब होता ३ विजय, १० पराभव, १ बरोबरी. मालक जो रॉबी यांनी १९७० मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडून डॉन शुला यांना प्रशिक्षक म्हणून आणलं आणि त्याच वर्षी संघाने चौदापैकी दहा सामने जिंकले. त्या उन्हाळ्यात शुलांनी मायामीच्या उकाड्यात दिवसाला चार-चार सराव घेतले होते.

१९७१ मध्ये संघ थेट सुपर बाउलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोहोचला. वाटेत नाताळच्या दिवशी कॅन्सस सिटीविरुद्धचा सामना ८२ मिनिटं ४० सेकंदांच्या खेळापर्यंत लांबला. नेहमीचा सामना ६० मिनिटांचा असतो. एनएफएलमधला तो आजही सर्वांत लांबलेला सामना आहे, आणि तो डॉल्फिन्सनी २७-२४ असा जिंकला. पण १६ जानेवारी १९७२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये डॅलस काउबॉइजनी त्यांना २४-३ असं लोळवलं. सुपर बाउलमध्ये एकही टचडाउन न करणारा तो पहिला संघ ठरला.

माझ्या मते परिपूर्ण हंगाम त्या दिवशी सुरू झाला. शुलांच्या पदरी तर आणखी जुनं दुखणं होतं. जानेवारी १९६९ मध्ये त्यांचा कोल्ट्स संघ सगळ्यांच्या मते जिंकणारच होता आणि न्यूयॉर्क जेट्सकडून हरला होता. दोनदा सुपर बाउल, दोनदा हार. मोठ्या सामन्यात शुला हरतातच, असं तेव्हा उघड बोललं जायचं.

सतरा सामने आरामात जिंकले का?

काही जिंकले. न्यू इंग्लंड पॅट्रिअट्सना ५२-० असं चिरडलं, आणि तो शुलांचा शंभरावा विजय होता. बाल्टिमोरला तर दोन्ही सामन्यांत एकही गुण करू दिला नाही : २३-० आणि १६-०.

पण निसटता निसटता राहिलेले सामनेही आहेत. तिसऱ्याच आठवड्यात मिनेसोटामध्ये संघ शेवटच्या सत्रात १४-६ ने मागे होता. गॅरो येप्रेमियनने ५१ यार्डांवरून फील्ड गोल मारला, त्यानंतर दीडेक मिनिट उरलं असताना क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीने जिम मँडिचला टचडाउन फेकला, आणि १६-१४. सहाव्या सामन्यात बफेलोला फक्त एका गुणाने हरवलं, २४-२३. त्या सामन्यात बचावफळीतल्या मॅनी फर्नांडिसने एक विलक्षण गोष्ट केली : बफेलोचा क्वार्टरबॅक चेंडू आपल्या धावपटूच्या हातात देत असतानाच मध्ये घुसून तो काढून घेतला. पाठ्यपुस्तकात सापडणार नाही अशी चोरी. दहाव्या सामन्यात जेट्सविरुद्ध २८-२४.

यांपैकी एक चेंडू इकडचा तिकडे झाला असता तर हे पान लिहायची वेळच आली नसती.

मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला होता, हे खरं का?

खरं आहे, आणि या हंगामाचा प्राण मला तिथेच दिसतो.

१५ ऑक्टोबर १९७२, पाचवा सामना, समोर सॅन डिएगो चार्जर्स. चेंडू फेकताना बॉब ग्रीसीवर दोन बचावपटू एकदम कोसळले. पायाचं हाड मोडलं, घोटा निखळला. संघाचा मेंदू असलेला माणूस स्ट्रेचरवरून बाहेर गेला. आत आला अर्ल मॉरल, वय ३८.

मॉरल कोण होता? १९५६ मध्ये तो लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाने घेतला गेला होता, म्हणजे त्याच्याकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. मग सॅन फ्रान्सिस्को, पिट्सबर्ग, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, बाल्टिमोर अशी भटकंती. १९६८ मध्ये बाल्टिमोरचा महान क्वार्टरबॅक जॉनी युनायटस जखमी झाला, तेव्हा मॉरलने त्याच्या जागी खेळून लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब मिळवला. आणि मग तोच तो जेट्सविरुद्धचा अंतिम सामना. मॉरलने तीन इंटरसेप्शन दिले. पूर्वार्धाच्या शेवटी त्याचा एक सहकारी मोकळा उभा राहून हात हलवत होता, मॉरलला तो दिसलाच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवला जातो.

१९७२ मध्ये बाल्टिमोरने त्याला सोडून दिलं. लीगच्या नियमानुसार अशा खेळाडूला घ्यायचं शुल्क होतं शंभर डॉलर. शुलांनी ते भरलं. त्यांना तो माणूस माहीत होता. एकाच पराभवाचा डाग दोघांच्याही कपाळावर होता.

मॉरल आला तो बिनबोभाट. त्याने साखळीतले उरलेले नऊ सामने सुरुवातीपासून खेळले, नऊही जिंकले. बाद फेरीतले दोन सामनेही त्यानेच सुरू केले. सतरापैकी अकरा. या हंगामाची गोष्ट सांगताना ग्रीसीचं नाव आधी येतं, तो उत्तम खेळाडूही होता, पण आकडे मॉरलच्या बाजूने बोलतात. शंभर डॉलरमध्ये घेतलेल्या, पाच संघांनी सोडलेल्या माणसाच्या हातून क्रीडा इतिहासातला हा विक्रम घडला आहे, आणि हे ठळक सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

मग अंतिम सामन्यात मॉरलला बाहेर का बसवलं?

पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मध्यंतराला ७-७ अशी बरोबरी होती आणि डॉल्फिन्सची चढाई अडखळत होती. ग्रीसी तोवर बरा झाला होता. तिसऱ्या सत्रात शुलांनी त्याला आत पाठवलं. त्याने लगेच पॉल वॉरफिल्डला ५२ यार्डांचा पास दिला आणि सामना फिरला. सुपर बाउलसाठी शुलांनी ग्रीसीलाच निवडलं. मॉरलला ते लागलं नसेल असं नाही, पण त्याने त्याचा गवगवा केला नाही. संघात फूट पडली नाही ती त्यामुळे.

हा संघ चेंडू फेकण्यापेक्षा धावतच जास्त का होता?

धावणं त्यांना जमत होतं म्हणून. लॅरी झॉन्का हा फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा दणकट गडी, भिंतीसारखा सरळ जायचा आणि त्याला अडवायला दोघे-तिघे लागायचे. मर्क्युरी मॉरिस कडेने वाऱ्यासारखा पळायचा. अवघड वेळी दोन-चार यार्ड काढायला जिम कीक. झॉन्काने त्या हंगामात १,११७ यार्ड काढले, मॉरिसने बरोबर १,०००. एकाच संघातल्या दोघांनी हजाराचा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ. मॉरिसचा आधी ९९१ वर हिशेब संपला होता. नंतर चित्रफीत तपासून लीगने ठरवलं की त्याच्या नावावर घातलेला नऊ यार्डांचा तोटा प्रत्यक्षात मॉरलकडून सुटलेल्या चेंडूचा होता. सगळ्या संघाचे मिळून २,९६० यार्ड, हा तेव्हाचा विक्रम.

दुसरं कारण नियमातलं. १९७२ मध्ये मैदानावरच्या आतल्या खुणा, जिथून प्रत्येक डाव सुरू होतो, त्या मध्याकडे सरकवल्या गेल्या. त्यामुळे धावणाऱ्याला दोन्ही बाजूंना जागा मिळू लागली. फायदा सगळ्यांनाच झाला. तो पुरेपूर उचलला डॉल्फिन्सनी.

आणि पुढे उभी राहून वाट मोकळी करणारी फळी. लॅरी लिटलला निवडीत कोणीही घेतलं नव्हतं. जिम लँगरला क्लीव्हलँडने सोडून दिलं होतं. हे दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. मोनटी क्लार्क या प्रशिक्षकाने इतरांनी टाकलेल्यांतून ही फळी उभी केली.

'नो-नेम डिफेन्स' म्हणजे काय?

'बिननावाचा बचाव'. डॅलसविरुद्धच्या सुपर बाउलआधी तिथले प्रशिक्षक टॉम लँड्री म्हणाले होते की डॉल्फिन्सच्या बचावफळीतल्या खेळाडूंची नावं आपल्याला आठवत नाहीत. बोलणं चिकटलं. खेळाडूंनीही ते मिरवलं.

या बिननाव्यांनी १९७२ मध्ये चौदा सामन्यांत फक्त १७१ गुण दिले, लीगमध्ये सर्वांत कमी. संघाने स्वतः ३८५ केले, सर्वांत जास्त. बचावाची आखणी बिल आर्न्सपार्गर यांची. त्यांची खास युक्ती '५३' या नावाने ओळखली जायची, कारण ती ५३ क्रमांकाच्या बॉब मॅथेसनभोवती रचलेली होती. तो कधी पुढच्या फळीत हल्ला करायचा, कधी मागे हटून पास अडवायचा, आणि समोरच्या क्वार्टरबॅकला शेवटपर्यंत अंदाज लागायचा नाही. कर्णधार निक बुओनिकाँटी तेराव्या फेरीत निवडला गेला होता, म्हणजे जवळपास नाहीच.

वेळापत्रक सोपं होतं म्हणून जमलं, असं म्हणतात ते?

आक्षेपात तथ्य आहे. साखळीत भेटलेल्या संघांपैकी फक्त दोघांनी, कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स यांनी, हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकले, तेही ८-६ असे. पण वेळापत्रक संघ ठरवत नाही. सोप्या वेळापत्रकाचे संघ दरवर्षी असतात आणि त्यांच्यातलं कोणीही सतरा-शून्य झालेलं नाही. शिवाय शेवटचे तीन सामने क्लीव्हलँड, पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टनशी झाले. ते संघ कच्चे नव्हते.

अपराजित संघाला उपांत्य सामना दुसऱ्याच्या मैदानावर का खेळावा लागला?

तेव्हा बाद फेरीचं यजमानपद कामगिरीवर नव्हे, आळीपाळीने ठरायचं. त्यामुळे ३१ डिसेंबरला डॉल्फिन्स पिट्सबर्गला गेले. तिथे लॅरी साइपल या पंटरने सामन्याला पहिलं वळण दिलं. चौथा प्रयत्न, चेंडू लाथाडण्यासाठी तो मागे उभा होता, समोरचे सगळे परतीच्या तयारीने पाठ फिरवून धावत सुटले होते. साइपलने पाहिलं आणि लाथ न मारता तोही त्यांच्या मागून पळत सुटला. ३७ यार्ड! त्यातून टचडाउन झाला. शेवटी २१-१७.

त्याआधी, २४ डिसेंबरला मायामीत, क्लीव्हलँडने चौथ्या सत्रात १४-१३ अशी आघाडी घेतली होती. कीकने आठ यार्ड धावत जाऊन २०-१४ केलं. हा सामना मायामीकरांना घरच्या टीव्हीवर दिसलाच नाही. घरच्या मैदानावरच्या सामन्याचं स्थानिक प्रक्षेपण तेव्हा बंद असायचं, तिकिटं संपली तरी. तो नियम १९७३ मध्ये सैल झाला.

सुपर बाउलमध्ये किकर येप्रेमियनने काय घोळ घातला होता?

१४ जानेवारी १९७३, लॉस एंजेलिस कोलिझियम, ९०,१८२ प्रेक्षक, पारा ८४ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचे २९ अंश. सुपर बाउलच्या दिवशी इतकी उष्णता आजवर पुन्हा झालेली नाही. सोळा सामने जिंकूनही जाणकारांचा कौल किंचित वॉशिंग्टनकडे होता.

पूर्वार्धात डॉल्फिन्सनी दोन टचडाउन केले : ग्रीसीचा हॉवर्ड ट्विलीला २८ यार्डांचा पास, आणि कीकची एका यार्डाची मुसंडी. १४-०. त्यानंतर बचाव. मॅनी फर्नांडिसने मधली फळी अक्षरशः उखडून टाकली. जेक स्कॉटने दोन इंटरसेप्शन केले, त्यातलं एक स्वतःच्या गोलक्षेत्रात, आणि सामनावीर ठरला. ग्रीसीने संपूर्ण सामन्यात अकराच पास फेकले. झॉन्काने ११२ यार्ड काढले.

दोनेक मिनिटं उरली असताना येप्रेमियन ४२ यार्डांवरून फील्ड गोल मारायला आला. गेला असता तर १७-०. सतरा सामन्यांच्या हंगामाला शोभेलसा शेवट. किक अडवली गेली. चेंडू उसळून परत येप्रेमियनकडेच आला. तो सायप्रसमध्ये जन्मलेला आर्मेनियन, मोठ्या वयात या खेळात आलेला. त्याने चेंडूवर नुसतं अंग टाकायचं होतं. त्याऐवजी त्याने तो फेकायचा प्रयत्न केला. चेंडू हातातून सटकला, त्याने तो वर टोलवला, आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने झेलून ४९ यार्ड पळत टचडाउन केला. १४-७, दोन मिनिटं सात सेकंद बाकी.

ते क्षण पाहताना आजही माझ्या पोटात गोळा येतो, निकाल माहीत असूनही. बचावफळीने वॉशिंग्टनला पुढे सरकू दिलं नाही आणि सामना संपला. येप्रेमियनला ती चूक आयुष्यभर ऐकावी लागली. पण मिनेसोटातली ५१ यार्डांची किक त्याचीच, आणि कॅन्सस सिटीचा तो लांबलेला सामना संपवणारीही त्याचीच. त्या दोन आठवल्याशिवाय त्याच्यावर हसू नये.

त्यानंतर कोणी जवळ आलं का?

दोघांची नावं घ्यायला हवीत. १९८५ च्या शिकागो बेअर्सनी पहिले बारा सामने जिंकले आणि २ डिसेंबरला ते मायामीत आले. डॉल्फिन्सचे प्रशिक्षक तेव्हाही शुलाच होते आणि १९७२ चे काही जुने खेळाडू मैदानाच्या कडेला उभे होते. मायामी ३८, शिकागो २४. बेअर्स त्या वर्षी हरले तो एकच सामना.

दुसरे २००७ चे न्यू इंग्लंड पॅट्रिअट्स. साखळीत १६-०, बाद फेरीत आणखी दोन विजय, आणि मग सुपर बाउलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून १७-१४ अशी हार. अठरा जिंकून एकोणिसावा हरले. आता साखळी सतरा सामन्यांची झाली आहे, त्यामुळे पुढच्या संघाला वीस जिंकावे लागतील.

त्या-त्या हंगामातला शेवटचा अपराजित संघ हरला की हे खेळाडू दरवर्षी शॅम्पेन उघडतात का?

सगळे एकत्र जमून सोहळा करतात ही दंतकथा आहे. शुलांनी ती नाकारली होती. जवळ राहणाऱ्या दोघा-तिघांनी कधीतरी ग्लास उंचावले, त्याची गोष्ट वाढत गेली.

राष्ट्राध्यक्षांनी त्यांना बोलावलं नव्हतं का?

१९७३ मध्ये नाही. तेव्हा विजेत्यांना बोलावण्याची प्रथा आजच्यासारखी रुळलेली नव्हती, आणि निक्सन यांच्यामागे वॉटरगेटचं प्रकरण लागलं होतं. २० ऑगस्ट २०१३ ला बराक ओबामांनी या संघाला व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. चाळीस वर्षं उशिरा.

पुढे या खेळाडूंचं काय झालं?

१९७३ मध्ये त्यांनी पुन्हा सुपर बाउल जिंकला. विजयांची मालिका मात्र त्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात ओकलंडने १२-७ अशी तोडली होती. १९७४ मध्ये झॉन्का, कीक आणि वॉरफिल्ड यांनी नव्या लीगशी मोठ्या रकमेचा करार केला आणि संघ विस्कटला.

त्यानंतरचं लिहिताना जड जातं. २०१४ मध्ये मॉरल गेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा वारंवारच्या आघातांनी होणारा आजार शेवटच्या टप्प्यात आढळला. बुओनिकाँटीने २०१७ मध्ये, स्मृती आणि हालचाल ढासळत असताना, आपला मेंदू संशोधनाला देणार असल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा मार्क १९८५ मध्ये कॉलेजच्या सामन्यात मानेखाली लुळा झाला होता. तेव्हापासून बुओनिकाँटीने पक्षाघातावरच्या संशोधनासाठी मायामीत आयुष्यभर पैसा उभा केला. झॉन्काच्या धडका पाहून मी टाळ्या वाजवतो, आणि त्या धडकांची किंमत कोणी कशी मोजली हेही मला माहीत आहे. दोन्ही एकत्रच मनात ठेवावं लागतं.

ज्या मैदानावर हे घडलं ते आज पाहता येतं का?

नाही. ऑरेंज बाउल २००८ मध्ये पाडलं आणि त्या जागी बेसबॉलचं मैदान उभं राहिलं. डॉल्फिन्स १९८७ पासून शहराच्या उत्तरेला, जो रॉबी यांनी बांधलेल्या स्टेडियममध्ये खेळतात. आता त्याचं नाव हार्ड रॉक स्टेडियम. पत्ता आहे ३४७, डॉन शुला ड्राइव्ह. ३४७ म्हणजे शुलांनी प्रशिक्षक म्हणून जिंकलेले सामने, आणि त्यांतले सतरा या एका हंगामातले.